ओळ वेळेवर यावी म्हणून

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. आज या जोडीला मी जपानही आणून बसवणार आहे. त्याला कारण आहे. सेलू असो, जिंतूर असो की गंगाखेड, कॉलेजात जाणारी आपली कितीतरी मुलं रात्री मोबाइलवर जपानी चित्रमालिका बघत असतात. त्यांना ‘कार्टून’ म्हटलं की मुलांना राग येतो. ती म्हणतात ‘अॅनिमे’. मोठ्यांना वाटतं, हे काय नवं खूळ! पण १९९३ साली दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी जो मोगली कौतुकानं बघितला, तो जपानमध्येच तयार झालेला होता. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिळून केलेला रामायणावरचा चित्रपटही जानेवारी २०२५मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. तेव्हा ही ओळख तशी जुनीच आहे.

फरक एवढाच, की मोगली आपल्याशी हिंदीत बोलत होता. आजची मुलं मूळ जपानी आवाज ऐकतात आणि पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचतात. या ओळींना आपण सबटायटल म्हणतो. त्या लिहिणाऱ्यांचं कौतुक होतं, व्हायलाही हवं. मला आज बोलायचं आहे ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल. ओळ पडद्यावर नेमकी कधी यावी आणि कधी जावी, हे ठरवणाऱ्या माणसाबद्दल. या कामाला टायमिंग म्हणतात. हौशी मंडळींत या कामाला माणसं मिळणं नेहमीच अवघड गेलं आहे, आणि मराठीत तर असं काही काम असतं हेच पुष्कळांना ठाऊक नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही तरुणांना जपानी चित्रमालिकांचं वेड लागलं. भाषा येत नव्हती आणि विकत मिळत नव्हत्या. मग ज्याला जपानी येतं त्यानं भाषांतर करायचं, ज्याच्याकडे संगणक आहे त्यानं त्या ओळी व्हिडिओ कॅसेटवर उमटवायच्या, असं सुरू झालं. अमिगा नावाचा घरगुती संगणक आणि त्याला जोडलेलं जेनलॉक नावाचं यंत्र, एवढी त्यांची सामग्री. ज्याला प्रत हवी त्यानं कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा. चाहत्यांनी केलेलं सबटायटल म्हणून याला ‘फॅनसब’ हे नाव पडलं. पुढं २०००च्या आसपास सगळा कारभार इंटरनेटवर आला, आणि काही वर्षांत ‘एजिसब’सारखं मोफत सॉफ्टवेअरही हाताशी आलं.

या गटांत कामाची वाटणी असे. एक जण भाषांतर करी, एक जण टायमिंग, एक जण भाषेवरून हात फिरवी, एक जण पडद्यावरच्या पाट्या सजवी आणि एक जण शेवटी सगळं तपासून बघे. पैशाचा प्रश्नच नव्हता, सगळी हौस. भाषांतरकाराला मान मिळे. पाट्या सजवणाऱ्याची कला दिसे. टायमिंग करणाऱ्याचं मात्र काहीच दिसत नसे. त्याचं काम चांगलं झालं की ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बिघडलं की सगळ्यांच्या लक्षात येतं. आपल्या नाटकांत विंगेत उभा राहणारा प्रॉम्प्टर आठवा. प्रयोग रंगला तर टाळ्या नटाला. नट अडखळला तर मात्र, ‘प्रॉम्प्टर झोपला होता काय?’

हे काम असतं तरी काय? संगणकावर आवाजाच्या लाटांचं चित्र दिसतं. पात्र बोलायला लागलं की लाट उठते, थांबलं की ती खाली बसते. वीस-बावीस मिनिटांच्या एका भागात साधारण तीन-चारशे ओळी असतात. प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट हातानं बसवायचा. सुरुवात आवाजाच्या किंचित आधी, म्हणजे डोळा तयार राहतो. शेवट आवाजानंतर जरा रेंगाळून, म्हणजे वाचणाऱ्याचं वाचून होतं. हे ‘किंचित’ म्हणजे सेकंदाचे काही दशांश. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. दृश्य बदललं आणि जुनी ओळ दोन-तीन चित्रांपुरती जरी मागं राहिली, तरी पडद्यावर लुकलुकल्यासारखं होतं. दृश्य नवं, म्हणजे ओळही नवी असणार असं समजून डोळा तीच ओळ पुन्हा वाचायला जातो आणि पुढची निसटते. व्यावसायिक कंपन्यांचेही याबद्दल नियम आहेत. नेटफ्लिक्सच्या नियमात एक सबटायटल सात सेकंदांहून जास्त ठेवायचं नाही आणि एकावेळी दोनच ओळी द्यायच्या असं आहे.

यात जपानी यायलाच पाहिजे असं नाही. कान लागतो, बैठक लागते आणि वाचणाऱ्याची कणव लागते. सराव असलेल्या माणसाचे एका भागामागं दोन-तीन तास जातात, नवख्याचा अख्खा दिवस. भाषांतर तयार आहे, पाट्या तयार आहेत, पण टायमिंगवाला परीक्षेला बसला आहे म्हणून भाग अडकून पडलाय, हे या गटांचं नेहमीचं रडगाणं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मूळ निर्मात्याच्या परवानगीशिवाय असं काम वाटणं कायद्यात बसत नाही. हौस म्हणून केलं तरी बसत नाही. २००९पासून क्रंचीरोलसारख्या कंपन्या जपानी निर्मात्यांशी करार करून, जपानमध्ये भाग दाखवला गेला की लगेच तो सबटायटलसह देऊ लागल्या. तेव्हापासून हौशी गटांचं काम आटत गेलं, आणि ते योग्यच झालं. पण त्या गटांनी एक शिस्त घडवली होती. अनोळखी प्रेक्षकासाठी रात्र जागून एकेक ओळ बसवण्याची शिस्त. ती आपल्या कामी येईल का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

कारण कंपन्या बाजार बघून भाषा निवडतात. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट आपल्याकडे लागला. तो जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण पडद्याच्या तळाशी मराठी ओळ यायची असेल, तर कुणीतरी बसून ती लावावी लागते. दर्जा मिळाल्यानं ओळ आपोआप उमटत नाही.

आणि गंमत बघा. जपानीला इंग्रजीपेक्षा मराठी जवळची आहे. शब्द जवळचे नाहीत, वाक्याची घडण जवळची आहे. ‘वाताशी वा परभणी नी इकिमास’ म्हणजे ‘मी परभणीला जातो’. ‘परभणी’नंतर ‘नी’, आपल्याकडे ‘परभणी’नंतर ‘ला’. क्रियापद शेवटी, दोन्हीकडे. आता ‘इकिमास’चं ‘इकिमासेन’ केलं की अर्थ होतो ‘जात नाही’. म्हणजे नकारही शेवटी, दोन्हीकडे. नायक थांबत थांबत बोलतो आहे, समोरच्याचा जीव टांगणीला लागलाय, आणि शेवटच्या अक्षराला नकार येतो. इंग्रजी ओळीत तो नकार आधीच येऊन बसलेला असतो. वाचणाऱ्याला उत्तर कळतं, नायकाचं बोलणं मात्र अजून चालूच असतं. मराठीत ओळीचे दोन तुकडे करून ‘नाही’ नेमक्या त्या क्षणाला आणता येतं. हे भाषांतरकाराच्या एकट्याच्या हातात नाही, ते टायमिंग करणाऱ्याच्या हातात आहे.

आपल्या देशात या कामाचं मोल फार आधी ओळखलं ते ब्रिज कोठारी यांनी. अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश चित्रपट बघताना त्यांच्या मनात आलं, की ओळी इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच दिल्या तर भाषा लवकर येईल. त्यातून १९९६ साली अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्रयोग सुरू झाले. गाणं ज्या भाषेत, ओळही त्याच भाषेत. २००२मध्ये दूरदर्शनच्या ‘चित्रहार’वर गाण्यांखाली हिंदी ओळी येऊ लागल्या, आणि गायक जो शब्द म्हणेल त्याच शब्दाचा रंग बदलू लागला. पुढं २०१३ ते २०१५च्या काळात झी टॉकीजवर मराठी चित्रपटांखाली मराठी ओळी देण्याचा प्रयोगही झाला. शाळा अर्धवट सुटलेली, अक्षरओळख पुसट झालेली आपली माणसं गाणं ऐकता ऐकता वाचू लागतात, ही त्यामागची कल्पना. पण रंग अर्धा सेकंद उशिरा बदलला, तर कानात एक शब्द आणि डोळ्यांसमोर दुसरा. शिकवण्याऐवजी गोंधळच. म्हणजे सगळा डोलारा टायमिंगवर उभा आहे.

मुंबई आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प हे आणखी एक उदाहरण. संगणक शिकवणाऱ्या, बाळाला अंगावर पाजण्यापासून आहारापर्यंतची माहिती देणाऱ्या त्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत. त्यांच्या मराठी संहिता उघडून बघा. दोन रकाने दिसतील. एकात निवेदन आणि दुसऱ्यात वेळ. वेळेचा तो रकाना कुणीतरी मिनिट-सेकंद बघत भरलेला आहे. तो वाचायला कुणी जात नाही, पण तो नसता तर बोलणं एकीकडे आणि चित्र दुसरीकडे गेलं असतं.

मी स्वतः काही वर्षं हौसेनं मराठी चित्रफितींना ओळी लावतो. एक अनुभव सांगतो. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं जो कहर केला, तो मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. त्यानंतर एका छोट्या गटानं बोंडअळीवर मराठी चित्रफीत केली. कामगंध सापळे कसे लावायचे, फवारणीचं माप कसं घ्यायचं, असं सगळं त्यात होतं. ऐकू न येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि बाजार समितीच्या गलक्यात मोबाइल बघणाऱ्यांसाठी खाली मराठी ओळी द्यायचं ठरलं. ओळी लिहायला पाच जण पुढं आले. जूनमध्ये मजकूर तयार होता. टायमिंगला कुणी मिळेना. माझ्याकडे ते काम आलं तेव्हा बोंडं लागली होती. रात्री बसून पूर्ण केलं खरं, पण सापळे लावण्याचे दिवस निघून गेले होते. त्या वर्षी ज्यांना ती चित्रफीत वेळेवर हवी होती, त्यांना ती मिळाली नाही.

त्या कामात एक गोष्ट मनात पक्की बसली. निवेदक औषधाचं प्रमाण एका दमात सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला ते पुरतं. वाचणाऱ्याला आकडा वाचायचा, पंपाच्या पाण्याशी त्याचा मेळ घालायचा, मग मान हलवायची. तो आकडा पडद्यावर आणखी दीड सेकंद थांबायला हवा. माप चुकलं तर पीक जातं, कधी माणसाच्या जिवावरही बेततं. दीड सेकंदाची किंमत अशी असते.

२०११च्या जनगणनेत ऐकू न येण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक देशात नोंदले गेले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांना दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांत मथळे, म्हणजे लिहिलेल्या ओळी मिळाव्यात असं म्हटलं आहे. कायदा आहे. ओळी बसवणारे हात कमी आहेत.

तुम्ही म्हणाल, आता तर यंत्रंच हे करतात. माझा पुतण्याही म्हणाला, ‘काका, एआय दोन मिनिटांत करून देतं, तुम्ही कशाला डोळे फोडता?’ त्याचं काही अंशी खरं आहे. एकच माणूस शांत खोलीत प्रमाण मराठीत बोलत असेल, तर यंत्र कच्चं काम बरं करतं. पण मागं ट्रॅक्टर चालू आहे, दोन म्हातारे एकमेकांचं बोलणं तोडत आहेत, आणि एक जण विचारतोय, ‘काय करायलास रे?’ तिथं यंत्राची गाडी अडते. पुतण्याला मी अशीच एक चित्रफीत दिली. यंत्रानं लावलेल्या ओळी तासभर दुरुस्त केल्यावर तो स्वतःच म्हणाला, ‘काका, हे माणसानं बघायलाच पाहिजे.’ आणि दुरुस्तीला तोच बसला, कारण जपानी मालिका बघून बघून ओळ कधी चुकते ते त्याच्या डोळ्याला कळत होतं.

मुद्दा इथंच आहे. आपल्या घरातल्या या मुलांनी हजारो ओळी वाचलेल्या आहेत. त्यांना चांगलं टायमिंग म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही, तरी ते कळतं. हे भांडवल आपल्याकडे आयतं आहे. परवानगी नसलेल्या कामाच्या वाटेला जायची गरज नाही. आपल्या कॉलेजातली व्याख्यानं आहेत, शेतीच्या सल्ल्याच्या चित्रफिती आहेत, गावोगावची कीर्तनं आहेत, जुन्या जाणत्यांच्या आठवणी आहेत. त्या करणाऱ्याला विचारा, तो आनंदानं हो म्हणेल. सुरुवात पाच मिनिटांच्या चित्रफितीनं करा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. काम झालं की आवाज बंद करून ती घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवा. त्यांना मध्येच ‘थांब, वाचून झालं नाही’ असं म्हणावं लागलं, तर त्या जागी ओळ जरा वाढवा.

आणि ज्यांच्या हाती कार्यक्रम आहेत, संस्था आहेत, त्यांनाही एक विनंती. शेवटच्या पाटीवर भाषांतरकाराच्या नावाखाली टायमिंग करणाऱ्याचंही नाव घाला. खर्च काहीच नाही. पण पुढच्या वेळी माणूस मिळायला त्याचा उपयोग होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)