दिवाळीचं देणं : फराळ की शिधा?

(ऑडिओ भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

बसमध्ये उभ्या-उभ्या ऐकत असाल तर आधी एक हात दांडीला धरा, मग ऐका.

आजचा भाग दिवाळीवर आहे, पण आकाशकंदील आणि खरेदीवर नाही. दसरा झाला की प्रत्येक ऑफिसच्या, सोसायटीच्या, कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. फराळ, जुने कपडे, खेळणी जमा करा, रविवारी वेल्ह्याकडे जायचंय, गाडीत चार सीट शिल्लक आहेत. तुम्हालाही आला असेल. मलाही येतो, कारण मी नोकरी पुण्यात करते. फरक इतकाच की माझं घर त्या गाड्यांच्या वाटेवर आहे. म्हणजे वाटेच्या जरा पुढे.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नसरापूरला चेलाडी फाटा लागतो, तिथून उजवीकडे वेल्हे. पुढे कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर. वळायचं नाही, सरळ यायचं. मग किकवी, मग आमचं सारोळे. त्याच्या पुढे नीरा नदी, आणि पूल ओलांडला की शिरवळ, जिल्हा सातारा. तालुका भोरच, पण पश्चिमेच्या डोंगरातलं भोर वेगळं आणि आमच्याकडचं वेगळं. तिकडे पाऊस आणि भात, इकडे नदीकाठ आणि ऊस. हे भूगोलाचं गाईड नाहीये. दिवाळीत कुणाला काय द्यायचं याचं निम्मं उत्तर या पिकांत आहे, म्हणून सांगतेय.

आधी भात घ्या. भोर-वेल्ह्यात दिवाळी येते ती भात काढणीच्या तोंडावर किंवा ऐन काढणीत. खाचरात पीक उभं पिवळं झालेलं असतं, परतीचा पाऊस कधी येईल त्याचा भरवसा नसतो, आणि एकदा का कापलेलं भात भिजलं की वर्षाची मेहनत गेली. अशा रविवारी सकाळी दहाला चार गाड्या वाडीत येतात. मंदिरासमोर सगळ्यांना बसवतात. ओळख, मनोगत, मग पाकिटं, मग फोटो. दुपारचा एक वाजतो. आलेल्या मंडळींचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण समोर बसलेल्या बाईचं लक्ष खाचराकडे असतं. दोनशे रुपयांच्या फराळासाठी तिची अर्ध्या दिवसाची कापणी गेलेली असते. पाहुणे आलेत, उठून कसं जायचं, म्हणून ती बसून राहते.

खरं तर या भागाला स्वयंसेवा कुणी शिकवायला नको. इर्जिक हा शब्द तुमच्या आजी-आजोबांना विचारा. एकाच्या शेतात काम अडलं की आजूबाजूचे सगळे आपापले विळे, बैल घेऊन यायचे, एका दिवसात काम उरकायचं, आणि ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. मजुरी नाही. उद्या तुमचं काम निघालं की आम्ही येणार. आता बैल कमी झाले, यंत्रं आली, तशी इर्जिकही कमी झाली. पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. काम काय आहे ते ज्याचं शेत तो सांगायचा. मदतीला येणारा ठरवून येत नव्हता. (आणि हो, शहरातून येऊन 'आम्ही भात कापू लागतो' म्हणणाऱ्यांनी आधी विळा कसा धरायचा ते बघून घ्या. जखम बांधायला दुसऱ्या दोन माणसांना काम सोडावं लागतं.)

आता ऊस. आमच्याकडे तोडीला येणाऱ्या टोळ्या बहुतेक बीड, अहिल्यानगर या बाजूच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. राहायला शेताकडेला कोप्या. तुम्ही-मी नोकरीत दिवाळी बोनसची वाट बघतो. बोनसच्या कायद्यानं किमान ८.३३ टक्के असा आकडा ठरवून दिलाय. शहरात कामवाल्या मावशींना, वॉचमनना दिवाळीचं पोस्त देतात. कोपीवरच्या बाईला यातलं काहीच नसतं. तिची दिवाळी कुठे होणार हेही कॅलेंडरवर अवलंबून. २०२३ साली गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, म्हणजे दिवाळी फडातच. २०२४ ला उलटं झालं. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि हंगाम १५ नोव्हेंबरपासून, म्हणजे बऱ्याच जणांना सण गावाकडे करून निघता आलं. तारखा न बघता 'ऊसतोड मुलांसोबत दिवाळी' असा कार्यक्रम ठरवलात तर काही वर्षी तिथे माणसंच नसतील.

त्या २०२३ च्या दिवाळीत आम्ही चौघं जण नदीच्या अंगाला असलेल्या कोप्यांवर गेलो होतो. फराळ घेऊन नाही, नुसतं विचारायला. एक बाई पाचटावर चहा ठेवत होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "लाडू लई झालेत ताई. कालपासून तिसरी गाडी. दळण कुठं मिळतंय तेवढं सांगा."

कोपीत तीन ठिकाणचे तीन बॉक्स होते. एकातल्या चकल्या मऊ पडलेल्या. दोन पोरं लाडू फोडून त्यातले बेदाणे तेवढे खात होती. आणि बाजरीचं पोतं कोपऱ्यात तसंच बांधलेलं, कारण जवळची गिरणी सणाची बंद आणि तोडीवरून आल्यावर लांब जायला वेळ नाही. म्हणजे घरात लाडू आहेत, भाकरी नाही. आम्ही ते पोतं गाडीवर टाकून गावात आणलं, गिरणीवाल्या काकांना घरून उठवलं, दळून परत नेऊन दिलं. पोरांना न्यायला आणलेले भुईनळे तिथेच उडवले, तो भाग पोरांच्या जास्त लक्षात असेल.

तर माझं म्हणणं असं की फराळाच्या आधी शिधा. शिधा हा शब्द जुना आहे आणि त्यात एक समज आहे. शिजवलेलं अन्न दिलं की घेणाऱ्याने ते तुमच्या चवीचं, तुमच्या वेळेला खायचं. शिधा दिला की चूल तिची, चव तिची, आणि 'माझ्या आईने केलं' हे पोरांना म्हणता येतं. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' सुरू केला तेव्हा शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल असा संच होता. त्याच्या वाटपावर, त्यावरच्या फोटोंवर बरीच चर्चा झाली, ती बाजूला ठेवू. त्यातली कल्पना मला पटते, की घरात लाडू आणि चकली होईल एवढा ऐवज द्या आणि बाजूला व्हा. अडचण एवढीच की तो रेशनकार्डावर होता, आणि गाव सोडून आलेल्यांचं नेहमीचं रेशन दुकान गावाकडेच राहिलेलं असतं.

आमचा संच आम्ही विचारून ठरवला. बाजरीचं किंवा ज्वारीचं पीठ, दळलेलं. गोडेतेल. बेसन, गूळ, साखर, चहापत्ती. आंघोळीचा साबण आणि खोबरेल तेल, कारण पहिल्या आंघोळीला तेल हवंच. काडेपेटी. यात दिखाऊ काही नाही, बॉक्सला रिबन नाही. एका कोपीवर मिठाचीही मागणी होती. मीठ कुणी दान करत नाही, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

'आपण शंभर घरांना फराळ देऊ' हे वाक्य ग्रुपवर लिहायला पाच सेकंद लागतात. आता हिशोब ऐका. चकलीची भाजणी म्हणजे तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, थोडे पोहे, धने-जिरे. डाळी-तांदूळ धुवायचे, कापडावर वाळवायचे, एकेक वेगळं भाजायचं, गार करून दळून आणायचं. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगड. मग सोऱ्या फिरवून मनगटं भरून येतात, आणि कढईसमोर एक माणूस दोन-तीन तास बसलेलं. अनारसे तर विचारूच नका. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून, कुटून, गूळ घालून पीठ मुरवायचं, आणि तरी तुपात टाकल्यावर हसला तर हसला. हे सगळं कोण करतं? आई, काकी, आजी. ग्रुपवर स्वयंसेवक म्हणून नावं कुणाची? ज्यांनी गाडी चालवली आणि पाकिटं वाटली त्यांची.

मला फराळ बनवणं आवडतं. आमच्याकडे वसुबारसेच्या आसपास चार बायका ओट्याशी आणि एक परातीशी अशा बसतात तेव्हा वर्षभराच्या गप्पा निघतात. कुणाचं लग्न जमत नाही, कुणी जमीन विकली, कुणाची सून शिरवळच्या कंपनीत लागली. आजीचा हात सत्तरीतही शंकरपाळ्याला असा चालतो की कातणं तिच्या बोटाला चिकटूनच जन्मलं असेल. पण तो घरचा फराळ. त्यावर आणखी वीस किलो 'समाजासाठी' म्हणून टाकायचे असतील तर ते काम आहे, आणि कामाला माणसं वाढली पाहिजेत नाहीतर पैसे मोजले पाहिजेत.

दोन्ही गोष्टी होऊ शकतात. आमच्याकडे आता ज्यांना द्यायचाय त्यांनी किमान एक घाणा तळायचा, असा नियम आहे. माझा भाऊ पुण्यात डेटा ॲनालिस्ट आहे, त्याच्या पहिल्या चकल्या म्हणजे तुटलेले कानातले होते. आता तो सोऱ्या दुसऱ्याला देत नाही. आणि जास्तीचा फराळ लागणारच असेल तर गावातल्या बचत गटाला ऑर्डर द्या, ठरलेला भाव द्या, घासाघीस न करता. तुम्ही दिलेल्या पैशातून एका घराची दिवाळी होते आणि त्या फराळातून दुसऱ्या घराची. पुण्यात दी पूना मर्चंट्स चेंबर दरवर्षी ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकतं, त्यासाठी रांगा लागतात, कारण ज्याला परवडत नाही त्यालाही तिथे विकत घेता येतं. स्वस्त विकत मिळणं आणि फुकट मिळणं यात घेणाऱ्याच्या मनात मोठं अंतर असतं.

फराळ द्यायचाच तर दोन तांत्रिक गोष्टी. ओल्या नारळाच्या करंज्या वाटपासाठी करू नका, दोन-तीन दिवसांत आंबतात. सुकं खोबरं वापरा. आणि चिवडा, चकली पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, आतल्या वाफेनं सगळं मऊ पडतं.

कपड्यांबद्दल पटकन. दिल्लीत अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये गूंज ही संस्था सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून एवढे कपडे गेले, आणि त्यातले इतके निरुपयोगी, की रस्त्याकडेला ढीग पडले होते. ते निवडून कामाला लावण्याचं काम गूंजने केलं. लोकांचा हेतू वाईट नव्हता, कपाट रिकामं करायचं होतं. भात कापणाऱ्या बाईला सिक्विनचा कुर्ता देऊन काय होणार? पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट द्या, उसाचं पातं कापतं तेव्हा तो घालतात. बटणं लावून द्या.

फोटोंबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तरी चालेल. घेणाऱ्याचा चेहरा टाकायचा नाही. कंपनीला पुरावा हवा असतो मान्य, मग बिलांचे, पोत्यांचे, टेम्पोचे फोटो द्या. तुमच्या घरी पाहुण्यांनी मिठाईचा पुडा हातात देऊन 'इकडे बघा' म्हटलं तर तुम्ही काय कराल?

आणि एक गोष्ट, ताटाची. आमच्याकडे शेजारून फराळाचं ताट आलं तर ते रिकामं परत जात नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची. त्या कोपीवरच्या बाईने आमची पिठाची बरणी परत केली तेव्हा आत दोन उसाची कांडी होती, सोललेली, आडवी बसतील अशी कापलेली. माझ्याबरोबरचा मित्र म्हणाला, "अहो नको नको, तुम्हालाच राहू द्या." मी त्याचा हात दाबला. ती कांडी आम्ही पुलावर गाडी थांबवून खाल्ली.

यावर्षी दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे टोळ्या आलेल्या असण्याची शक्यता धरून चाला. आपल्या भागात कुठे किती कोप्या पडल्यात ते आत्ताच बघून या, विचारून या, यादी करा. भाताच्या वाड्यांना पाडवा-भाऊबीज सोडून काढणी उरकल्यानंतरचा दिवस विचारा, दिवाळीनंतर गेलात तरी कुणी दार लावणार नाही. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं मात्र दिवाळीनंतर वस्ती सोडतात, त्यांच्याकडे आधी जा.

तुमच्या गावात काय करता, कोपीवर काय मागितलं गेलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. मला आता निघायला हवं. भाजणी दळायला टाकायची आहे, गिरणी आठला बंद होते, आणि काकांना पुन्हा घरून उठवलं तर ते या वेळी माझं ऐकणार नाहीत.