उरेब थरांचे टायर आणि पेटंटांची कहाणी

(वार्षिक संमेलनातील भाषण)



टायरसारख्या रुक्ष विषयावर बोलू दिल्याबद्दल मी मंडळाच्या चालकांचा ऋणी आहे.

हवा भरलेल्या धावेचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली घेतले. तेव्हा मोटार जन्मली नव्हती आणि सायकलचाही प्रसार नव्हता. गिऱ्हाईक मिळणार कोठून? मुदत संपली, लोक विसरले. १८८८ साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून पेटंट मिळविले. परंतु दोन वर्षांत थॉमसनचा जुना कागद पुढे आला आणि ते निरर्थक ठरले. कंपनी तरली ती टायर चाकाच्या कडेत घट्ट बसविण्याविषयीची वेल्च व बार्टलेट यांची १८९० ची पेटंटे विकत घेऊन. मूळ कल्पना सर्वांची झाली, बांधणीचा बारकावा मात्र मालकीचा राहिला!

आता ही बांधणी कशी असते ते पाहू. आरंभी टायरमध्ये विणलेले कापड घालीत. त्याचे उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत. पामर याने हे धागे न विणता समांतर ठेवून रबरात बसविण्याची पेटंटे गेल्याच्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात घेतली. पुढे रूढ झालेल्या टायरमध्ये असे दोऱ्यांचे थर तिरपे लावतात, एकाचा कल उजवीकडे, तर दुसऱ्याचा डावीकडे. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे चटकन उमजेल. गळ्याला उरेब पट्टीच का लावतात? ती ताणते आणि वळणावर बसते. त्याच गुणामुळे सपाट पिंपावर गुंडाळलेले थर फुगवून टायरचा गोल आकार देता येतो. दोष एवढाच की, चालताना थर एकमेकांवर ओढले जातात व टायर तापतो.

दोरे आडवे, काठापासून काठापर्यंत सरळ नेण्याची कल्पना ग्रे व स्लोपर यांनी १९१३ मध्येच पेटंट केली होती. ती बाजारात रुजविली मिशेलीनने, १९४६ चे पेटंट घेऊन. अमेरिकन कारखानदारांची यंत्रे उरेब थरांसाठी घडविलेली. ती मोडीत काढणे त्यांच्या जिवावर आले. म्हणून १९६७ मध्ये गुडइयरने उरेब थरांवर काचतंतूंचा पट्टा चढवून मध्यम मार्ग काढला. तो फार काळ टिकला नाही. मोटारींतून उरेब टायर गेला; शेतीच्या व खाणीच्या गाड्यांना तो अद्यापि लागतो, कारण त्याच्या बाजू दणकट असतात आणि किंमतही कमी पडते.

आपल्याकडे पेटंटाची मुदत अर्जापासून वीस वर्षे आहे. ती उलटली की तो शोध कोणीही वापरावा. ज्यांची मुले-मुली यंत्रविद्या शिकत आहेत, त्यांनी त्यांना असे जुने कागद वाचावयास सांगावे. मुंबईत पेटंट कार्यालय आहे, आणि हे कागद आता घरबसल्या विनामूल्य पाहावयास मिळतात. अर्ज करण्यापूर्वी ते चाळले, तर डनलॉपप्रमाणे दोन वर्षांनी थॉमसन भेटावयाचा नाही.