हा धडा घरी वाचा

(परभणीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत गोण्या उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, पण आज कविता नाही.

ह्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत मी शिकलो. महाडच्या सत्याग्रहाचा धडा आला तेव्हा मास्तर म्हणाले, "हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही." झाली बंदी! ना हुकूम, ना मोर्चा. धडा खोटा नव्हता. पण गावात पाणी अडवणाऱ्यांची नातवंडं पुढच्या बाकावर, ज्यांचं अडवलं त्यांची मागच्या. मास्तरांना दोघांच्या मधे उभं राहून वाचायचं नव्हतं.

बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' घ्या. १९५६ नंतर तीस वर्षं ते हस्तलिखितात पडून होतं, तोवर कुणाचे देव बाटले नाहीत. १९८७ साली महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यानं ते चौथ्या खंडात छापलं आणि राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून पेटलं. अमरावतीत प्रती जाळल्या. सरकार मागं सरलं. ५ फेब्रुवारी १९८८ ला आपली माणसं लाखांनी मुंबईत उतरली, तेव्हा कुठं परिशिष्ट राहिलं. सोबत सरकारची टीप: ह्या मतांशी आम्ही सहमत नाही. म्हणजे भांडण शाईशी नव्हतं, सरकारी शिक्क्याशी होतं. आणि शाळेचं पुस्तक म्हणजे तर शिक्काच. त्यात छापलं ते पोराला खरं.

आता आपल्या अंगणात येतो. शिव्या नंतर द्या.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकरचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागं नेहरू चाबूक घेऊन. सहा वर्षं पुस्तक चाललं. मे २०१२ मध्ये संसदेत गोंधळ झाला, सरकारनं चित्र काढायचं कबूल केलं. पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांची खोली फोडली ती आपल्याच पोरांनी. चाबूक बघून माझंही डोकं फिरतं. आपल्या पाठीला तो ठाऊक आहे. पण चित्राशेजारी प्रश्न होता, संविधानाला एवढा वेळ का लागला? उत्तर त्याच धड्यात होतं: एकेका कलमावर वाद घातला म्हणून. जवळजवळ तीन वर्षं. ते उत्तर बाबासाहेबांच्या बाजूचं होतं, आणि आपण ते वाचलंच नाही.

ह्याच परभणीत १० डिसेंबर २०२४ ला पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढचं तुम्ही भोगलंय, मी काय सांगू. तो राग वेगळा, त्याला कुणी नाव ठेवू नये. पण तो राग घेऊन धड्यावर धावलो, तर आपण मास्तरांचंच काम करतो.

ते जुनं पुस्तक मला फुटपाथवर मिळालं. जेवणाच्या सुट्टीत गोदीत दाखवलं. एक म्हातारे मामा, अंगठेबहाद्दर, बराच वेळ चित्र बघत बसले. मग म्हणाले, "पोरा, ह्यो चाबूक गोगलगायीला हाय का सायबाला?" दुसरा म्हणाला, गोगलगायीला. तिसरा उसळला. भाकरी तशाच राहिल्या, भोंगा झाला तरी वाद चालूच.