गाडीचा खडखडाट ऐका

आपल्या गटांचा माल बऱ्याचदा जुन्या ओम्नीतूनच बाजारात जातो. मारुतीनं ही गाडी 2019 साली बंद केली, त्यामुळं आता आहे तीच सांभाळायची.

उन्हानं प्लास्टिक कडक होतं, क्लिपा तुटतात, स्क्रू ढिले होतात. मग डॅशबोर्ड खडखडतो. लगेच नवा बसवू नका. रिकाम्या रस्त्यावर एकीनं गाडी हळू चालवावी, शेजारचीनं डॅशबोर्ड आणि दाराचं पॅड जागोजागी दाबून बघावं. आवाज थांबला, तीच जागा. गाडी उभी करून स्क्रू आवळा, तुटलेली क्लिप बदला, फटीत फोमची पट्टी चिकटवा. आत सोललेली वायर दिसली तर हात लावू नका. गाडीची वायरिंग करणाऱ्यालाच दाखवा. तिच्यानं आग लागू शकते.

आणि दाबूनही आवाज थांबला नाही, तर तो चाकाचा किंवा ब्रेकचा असू शकतो. तुळजापूरचा घाट उतरण्याआधी मेकॅनिक गाठा.