गच्चीवरचा पंखा

मोठ्या इमारतीतील गारवा अचानक नाहीसा झाला, म्हणजे माणसे प्रथम भिंतीवरच्या कळीकडे पाहतात, मग छतातल्या जाळीकडे, आणि अखेरीस व्यवस्थापकाकडे. गच्चीकडे कोणी पाहत नाही. वास्तविक पुष्कळदा दोष तेथेच असतो. पाण्याच्या टाकीशेजारी एक पेटीसारखा मनोरा उभा असतो, त्याच्या माथ्यावर एक रुंद पंखा फिरत असतो, आणि इमारतीतील माणसांची, दिव्यांची व यंत्रांची सारी उष्णता शेवटी त्या पंख्याच्या वाटेने आकाशात जात असते. या मनोऱ्याला कूलिंग टॉवर म्हणतात.

त्याची रीत आपल्या घरच्या माठाची आहे. तळघरातील शीतयंत्र खोल्यांतली उष्णता गोळा करून पाण्याला देते. सुमारे ३७ अंशांपर्यंत तापलेले हे पाणी गच्चीवर चढवले जाते आणि मनोऱ्यातील जाळीदार भरावावरून झिरपत खाली येते. पंखा त्यातून हवा वर ओढतो, थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले निवते. शंभर लिटरांतील एक लिटर वाफ होऊन गेले, तर बाकीचे पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होते. ते ३२ अंशांच्या आसपास येऊन पुन्हा शीतयंत्राकडे परतते आणि फेरा चालू राहतो.

माठ पावसाळ्यात गार होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पण मोठमोठ्या इमारती बांधणारे ते कधी कधी विसरतात. दिल्लीत मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असतो, पण हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर तपमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळल्यावर तो २२ अंशच दाखवतो. तेच श्रावणात पारा ३४ वर उतरतो आणि आर्द्रता ७० टक्के होते, तेव्हा ओले फडके २९ अंशांच्या खाली जात नाही. कोणताही पंखा लावला, तरी मनोऱ्यातील पाणी या ओल्या फडक्याच्या तपमानाखाली उतरू शकत नाही. म्हणून कूलिंग टॉवरची खरी कसोटी वैशाखवणव्यात होत नाही. ती होते कुंद, घामट, वारा पडलेल्या दिवशी; आणि मुंबईसारख्या शहराला असे दिवस वर्षातून महिनोन्‌महिने मिळतात. निसर्गाने सोडलेले अंतर तीनचार अंशांचे असते. त्यातले दोन अंश पंख्याच्या दुबळेपणामुळे गेले, तर हाती फारसे काही राहत नाही.

मुंबईचे वातानुकूलित रीगल चित्रपटगृह १९३३ साली उघडले, तेव्हा थंड हवा ही तिकिटाबरोबर मिळणारी चैन होती. ती नसती, तर प्रेक्षक फार तर कुरकुरले असते. आज त्याच गारव्यावर शस्त्रक्रियेची दालने, औषधांची कोठारे आणि बँकांचे संगणक अवलंबून आहेत. तेथे कुरकुरण्यावर भागत नाही.

जुन्या कचेऱ्यांत दोरीने पंखा ओढणारा नोकर असे. त्याला डुलकी लागली, की साहेबांच्या कपाळावर घाम येई आणि चूक कोणाची ते तत्काळ कळे. गच्चीवरचा पंखा डुलक्या घेऊ लागला, तर ते इतक्या लवकर कळत नाही. मोटारीची गती पंख्याला देणारा रबरी पट्टा दमट हवेत सैल होतो, घसरतो. मोटार पूर्वीसारखीच घरघरते, पंखा मात्र मंदावतो. पाणी एकदोन अंश गरम परत येते. शीतयंत्राला तेवढ्याच गारव्यासाठी अधिक वीज लागते. दर अंशामागे सुमारे २ ते ३ टक्के. मग एका कुंद दुपारी शीतयंत्रातील दाब मर्यादेपलीकडे जातो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. शस्त्रक्रिया मध्यावर आलेली असते. यंत्रज्ञ शीतयंत्राशी झटत बसतो. सैल पट्ट्याचा शोध लागतो तो संध्याकाळी.

पंखा सुधारायचा तो एवढ्यासाठी. धातूच्या जड पात्यांऐवजी काचतंतूंची हलकी, विमानाच्या पंखासारख्या वळणाची पाती बसवली, की तेवढीच हवा कमी शक्तीत ओढली जाते आणि बेअरिंगांवरचा भार उतरतो. पात्याचे टोक आणि भोवतालचे कडे यांतील फट मात्र अरुंद व सर्वत्र सारखी हवी. ती रुंद राहिली, तर वर ढकललेली हवा त्याच फटीतून परत खाली येते आणि नव्या पात्यांचे पैसे वाया जातात. पट्टा काढून टाकून मंद गतीची मोटार थेट पंख्याच्या आसाला जोडण्याचीही सोय आता झाली आहे. घसरायला काही उरतच नाही, हा तिचा मोठा गुण.

सर्वांत मोठा फरक पडतो तो गती आवरता येण्याने. पंख्याची हवा गतीच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती निम्मी केली, की हवा निम्मी होते आणि शक्ती मात्र एक अष्टमांशच लागते. त्यामुळे दोन पंखे असतील, तर एक पूर्ण वेगाने चालवून दुसरा बंद ठेवण्यापेक्षा दोन्ही निम्म्या वेगाने चालवणे शहाणपणाचे: हवा तेवढीच, शक्ती चौथाईच. शिवाय एक बिघडला, तर दुसऱ्याचा वेग वाढवून निदान काही काळ निभावता येते. गच्चीवर एकच अवाढव्य पंखा बसवणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

तरीही पंखा हा काही जादूगार नव्हे. भरावात क्षार साचून वाट कोंदली असेल, तर नवा पंखाही गुदमरतो. इमारत सुंदर दिसावी म्हणून मनोऱ्याभोवती उंच नक्षीदार भिंत उभारण्याची एक हौस आढळते; मग पंख्याने बाहेर टाकलेली दमट हवा त्या कोंडीत फिरून पुन्हा आतच येते. जुन्या पंख्याला नुसता गतिनियंत्रक जोडतानाही सावधगिरी हवी. काही विशिष्ट वेगांना सारा सांगाडा थरथरू लागतो; ते वेग टाळण्याची तजवीज नियंत्रकातच करावी लागते. दातेरी चाकांची पेटी असेल, तर अतिमंद गतीत तिच्यातले तेल वरच्या बेअरिंगांपर्यंत उडत नाही आणि ती कोरडी पडून झिजते.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९७६ च्या जुलैमध्ये एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या एका अनोळखी आजाराने त्यांतील अनेकजण दगावले. जानेवारी १९७७ मध्ये त्या रोगाचा जंतू सापडला आणि त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो, आणि कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर दूरवर जाऊ शकतो, हे पुढे अनेक साथींत दिसून आले. पंख्याचा जोर वाढवला, की तुषारही अधिक उडण्याचा संभव असतो. तेव्हा नव्या पंख्याबरोबर थेंब अडवणाऱ्या पट्ट्या तपासणे, आणि पाण्याची शुद्धी नियमाने राखणे, हे त्याच कामाचे अंग मानले पाहिजे.

कचेरीच्या हिशेबात या पंख्याची जागा मोठी अडचणीची असते. पट्टा बदलणे दुरुस्तीच्या सदरात बसते आणि दरवर्षी मुकाट्याने मंजूर होते. नवा पंखा भांडवली खर्चात जातो आणि त्यासाठी निविदा, तुलना व टिपणे लागतात. म्हणून पट्टेच बदलले जातात. निविदा निघालीच, तर विजेची बचत किती, एवढेच ठळक अक्षरांत विचारले जाते. त्याबरोबर दुरुस्तीला चढणाऱ्या माणसासाठी भक्कम शिडी व कठडा आहे काय, आणि तो आत हात घालील त्या वेळी वीज कुलूपबंद करता येईल काय, हेही विचारावयास हवे. काम हिवाळ्यात, एका वेळी एकच पंखा थांबवून करावे, म्हणजे इमारतीला खळ पडत नाही. मात्र चाचणी हिवाळ्यात उरकू नये. पौषातल्या कोरड्या हवेत कसलाही पंखा उत्तीर्ण होतो. ओल्या फडक्याचे तपमान व परतणाऱ्या पाण्याचे तपमान यांची नोंद रोज लिहावी, आणि कंत्राटदाराच्या देयकाचा शेवटचा हप्ता श्रावण उलटेपर्यंत राखून ठेवण्याचे कलम करारातच घालावे.