पृथ्वीवरचा ठसा आणि तीन कलावंत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅनडातल्या तीन कलावंतांनी मिळून केलेल्या एका कामाविषयी आज बोलायचं आहे. एडवर्ड बर्टिन्स्की हे छायाचित्रकार. जेनिफर बायचवाल आणि निकोलस डी पेन्सियर हे चित्रपट करणारं जोडपं. कामाचं नाव ‘अँथ्रोपोसीन’. शब्द जड आहे, अर्थ सोपा. खडकात कायमचा राहील एवढा ठसा माणसाने पृथ्वीवर उमटवला, ते हे युग. सन २००० मध्ये पॉल क्रुत्झेन या शास्त्रज्ञाने हा शब्द पुढे आणला. तिघांचा चित्रपट २०१८ साली आला आणि त्याच वर्षी टोरोंटो व ओटावा इथे प्रदर्शनही भरलं. आमच्या मुलाने तो चित्रपट आम्हाला घरी दाखवला.

रशियात उरल भागात बेरेझ्निकी म्हणून गाव आहे. तिथे जमिनीखालून खतासाठी पोटॅश काढतात. खाणीच्या भिंतींवर मोठाली गोल चक्रं दिसली, तेव्हा आम्हाला वाटलं, जुन्या काळचे शंख दगडात राहिलेत. पण ती यंत्राने कोरताना उठलेली वर्तुळं! आमचं निम्मं आयुष्य यंत्रापाशी गेलं, तरी आम्ही फसलो.

केनियात ३० एप्रिल २०१६ रोजी सरकारने जप्त केलेलं सुमारे १०५ टन हस्तिदंत जाळलं, कुणी विकू नये म्हणून. तेही यात आहे. एका ढिगामागे किती हत्ती, याचा हिशोब बघणाऱ्याने मनातच करायचा.

तिघांनी मिळून का केलं, तेही सांगतो. फोटो बहुधा उंचावरून काढलेला. त्यात डोंगर पोखरलेला दिसतो आणि माणूस मुंगीएवढा. चित्रपट खाली उतरतो, माणसापाशी थांबतो. एकट्या फोटोने भागलं नसतं, असं आमचं मत.

आता आमची तक्रार. नैरोबीतला दांडोरा हा कचऱ्याचा प्रचंड डोंगर. त्यावर माणसं प्लास्टिक वेचतात. हे काम म्हणतं, ‘माणसाने’ ठसा उमटवला. कुठल्या माणसाने हो? फेकणाऱ्याने की वेचणाऱ्याने? गिरणीत कापसाची धूळ आमच्या छातीत गेली, कापड दुसऱ्यानेच नेसलं. ठसा खडकावर उमटतो तसा फुप्फुसावरही उमटतो, पण त्याचा फोटो फक्त दवाखान्यात निघतो.

तरी हात झटकून चालणार नाही. सूत काढलं ते आम्हीच, आणि प्लास्टिकच्या पिशव्या आपल्याही घरात आहेत.

कॅनडातल्या क्रॉफर्ड नावाच्या तळ्याच्या गाळात वर्षावर्षाचे थर साचतात. अणुबॉम्बच्या चाचण्यांची खूणही तिथे सापडली. म्हणून या युगाची सुरुवात दाखवायला २०२३ मध्ये ते तळं सुचवलं गेलं. पण मार्च २०२४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नवं युग मानायला नकार दिला. माणसाचा परिणाम फार आधीपासूनचा आहे, एक तारीख कशी ठरवणार, असा एक आक्षेप होता. नाव नाकारलं, गाळ आहे तिथेच आहे.

हा चित्रपट विहारात दाखवायचा ठरला, तर आमची एक विनंती. वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बायांना पहिल्या रांगेत बसवा. कुठलं प्लास्टिक भंगारवाला घेतो आणि कुठलं तसंच पडून राहतं, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. दांडोरा पडद्यावर आला की दिवे लावा, आणि पाच मिनिटं त्यांना बोलू द्या.