परसबागेतील पाखरांचा बंदोबस्त



इंद्रायणीकाठचे निघोजे आज चाकण औद्योगिक क्षेत्राचा भाग झाले आहे. शिवारात कारखाने आले. तरी घरामागे पेरूचे झाड वा मेथीचा वाफा राखणाऱ्यास पाखरांचा उपद्रव चुकत नाही.

पोपट पेरू खातो थोडा, नासतो फार. तथापि त्यास पकडणे वा पिंजऱ्यात कोंडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. यास्तव उपाय फळापाशीच योजावा. फळ लिंबाएवढे होताच जुन्या सुती साडीच्या कापडाची पिशवी त्यावर बांधावी. हवा खेळती राहते, शिवाय फळमाशीही दूर राहते. वाफ्यात बी रुजेपर्यंत बोरीच्या काट्या पसराव्यात. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, कारण पाखरे त्यास लवकरच सरावतात.

जाळी लावणे झाल्यास बांबूच्या चौकटीवर ताणून लावावी व कडा जमिनीशी पक्क्या कराव्यात. सैल नायलॉन जाळीत बुलबुल अडकतो, तशीच उंदीर खाणारी धामणही, आणि दोघे तडफडून मरतात. हे नुकसान पेरूपेक्षा मोठे आहे.

चीनमध्ये १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्यांचा सरसकट संहार करण्यात आला. पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून चिमणी वगळून तेथे ढेकूण घालावा लागला! चिमणी पिलांना मुख्यतः किडे-अळ्या भरविते. म्हणून पिलांच्या दिवसांत वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यांवर जाळी नसावी. पेरूवरील जाळीही फळे उतरताच काढून, गुंडाळून ठेवावी.